एनएचएस १११ ला फोन करताना दुखणं कोणत्या शब्दांत सांगावं?

रानजाई | १२ मे, रात्री ९:१०

मे-जून आला की इंग्लंडमधल्या मराठी घरांत भारतातून आई-वडील, सासू-सासरे राहायला येतात. बॅगेत तीन महिन्यांची औषधं असतात. मग एखाद्या रात्री कुणाचं तरी पोट दुखतं, कुणाला ताप चढतो आणि घरात प्रश्न पडतो: १११ (एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ल्याचा नंबर) की ९९९ (जिवावरच्या प्रसंगी अँब्युलन्सचा नंबर)? की सकाळपर्यंत थांबायचं? ही माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा.

मुख्य गोष्ट आधी सांगते. १११ वरच्या माणसाला रुग्ण दिसत नाही, त्याची नाडी बघता येत नाही. त्याच्यापर्यंत पोचतात ते फक्त तुमचे शब्द. त्यावरूनच ठरतं की अँब्युलन्स येणार, ए अँड ईला (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) जायचं, फार्मसीत जायचं की घरीच थांबायचं. आपली दुखण्याची भाषा इंग्रजीत नेताना एक शब्द जरी घसरला तरी रुग्ण भलत्या दाराशी जातो.

थोडी पार्श्वभूमी. १९९८ मध्ये एनएचएस डायरेक्ट सुरू झालं. तिथे फोनवर नर्स सल्ला द्यायच्या. इंग्लंडमध्ये त्याची जागा नंतर १११ ने घेतली. आता पहिला आवाज बहुतेक वेळा हेल्थ अ‍ॅडव्हायझरचा असतो. तो डॉक्टर किंवा नर्स नसतो. त्याच्यासमोर एनएचएस पाथवेज नावाची संगणक प्रणाली असते आणि ती देईल ते प्रश्न तो विचारतो. गरज वाटली तर तो नर्स, पॅरामेडिक किंवा डॉक्टरकडे फोन देतो किंवा त्यांचा फोन येईल असं सांगतो. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो.

लीड्सकर | १२ मे, रात्री ९:५२

चांगला धागा. फोनवर प्रश्न कोणत्या क्रमाने येतात ते लिहितो, कारण लोक इथेच वैतागतात.

आधी रेकॉर्ड केलेला संदेश लागतो: जिवावरचं असेल तर ठेवा आणि ९९९ करा. पुढे पर्याय येतात. माणूस लागला की तो आधी तुमचा फोन नंबर आणि रुग्ण आत्ता कुठे आहे तो पत्ता विचारतो. लाइन तुटली तर परत लावता यावं, अँब्युलन्स पाठवता यावी म्हणून. पोस्टकोड तोंडपाठ हवा. पाहुण्यांना तो ठाऊक नसतो, म्हणून फ्रिजवर कागद लावून ठेवा: पत्ता, पोस्टकोड, घरातल्या प्रत्येकाची जन्मतारीख, औषधांची यादी, कशाची अ‍ॅलर्जी. एनएचएस नंबर नसला तरी अडत नाही.

त्यानंतर "शुद्धीवर आहेत का, श्वास नीट चालू आहे का, खूप रक्त जातंय का" असे प्रश्न. पाय मुरगळला म्हणून फोन केलाय आणि हा श्वासाचं काय विचारतोय, असं वाटतं. पण प्रणालीची रचनाच तशी आहे. जे सगळ्यात घातक ते आधी बाद करायचं आणि मग खाली उतरत यायचं. "ते सगळं ठीक आहे हो, पायाचं बघा" असं म्हणून प्रश्न उडवू नका. प्रत्येकाला हो, नाही किंवा "माहीत नाही" एवढंच उत्तर द्या. "माहीत नाही" हेही खरं उत्तर आहे. अंदाजाने "नाही" म्हणालात तर एक धोका न तपासता बाद होतो.

रुग्ण मोठा माणूस असेल तर अ‍ॅडव्हायझर त्याच्याशीच बोलायला मागतो. फोन स्पीकरवर ठेवा. बोलताना धाप लागतेय का, वाक्य पूर्ण होतंय का, हे त्याला ऐकायचं असतं. आईंच्या वतीने सगळी उत्तरं मुलाने दिली तर ती माहिती जातेच.

आणि नर्सचा फोन येणार असेल तर तो बऱ्याचदा नंबर न दाखवता येतो. मोबाइलवर अनोळखी कॉल गप्प करण्याची सेटिंग चालू असेल तर ती बंद करा. भारतातल्या रोमिंग सिमचा नंबर देऊ नका, घरातला कुणाचातरी इथला नंबर द्या. फोन चुकला की रांग पुन्हा सुरू होऊ शकते.

मोगरा१२ | १२ मे, रात्री १०:२०

मराठी दुभाषी मिळतो का? की हिंदीच घ्यावा लागतो?

लीड्सकर | १२ मे, रात्री १०:३१

मागता येतो, पैसे पडत नाहीत. माणूस लागला की पहिल्याच वाक्यात "मराठी इंटरप्रिटर, प्लीज" म्हणा. लक्षणं सांगून झाल्यावर मागितला तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. रुग्णाला हिंदी नीट येत असेल तर हिंदीही चालेल असं सांगून ठेवा, म्हणजे जो आधी मिळेल तो. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी टेक्स्ट रिलेने (फोनवर बोलण्याऐवजी टाइप करून बोलायची सोय) १८००१ १११ लावता येतो.

रानजाई | १३ मे, सकाळी ७:०५

आता शब्दांकडे येते. हा धागा मुळात त्यासाठीच काढला.

पहिला नियम: निदान सांगू नका, लक्षण सांगा. "छातीत गॅस अडकलाय" हे आपण घरच्या घरी केलेलं निदान आहे. गॅस हा शब्द ऐकला की समोरच्याचं लक्ष पोटाकडे जातं. सांगायचं असं: छातीच्या मधोमध आवळल्यासारखं दुखतंय, वीस मिनिटं झाली, डाव्या हातात आणि जबड्यात जातंय, घाम फुटलाय. असं असेल तर १११ नाहीच, थेट ९९९. छातीत जळजळ, कळ, आवळणं आणि जड वाटणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत चारही वेगवेगळ्या सांगा: बर्निंग, शार्प, टाइट, हेवी.

"चक्कर" हा सगळ्यात फसवा शब्द. खोली गरगर फिरतेय, डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडेन असं वाटतंय आणि चालताना झोक जातोय, या तिन्हींना आपण चक्कर म्हणतो. त्यांची कारणं वेगळी आणि वाटाही वेगळ्या. नुसतं "डिझी" म्हणू नका, तिन्हींपैकी कोणतं ते सांगा. आणि "भोवळ येऊन पडल्या" असेल तर शुद्ध गेली होती का, किती वेळ, डोकं आपटलं का, हातपाय झटकले का, हेही.

"पित्त" तर दोन टोकांना नेतं. "पित्त झालंय" म्हणजे आंबट ढेकर आणि मळमळ. "अंगावर पित्त उठलंय" म्हणजे खाजणाऱ्या लाल गांधी, इंग्रजीत हाइव्ह्ज. दुभाष्याने पहिला अर्थ घेतला तर अ‍ॅलर्जी अ‍ॅसिडिटी होऊन बसते. गांधींबरोबर ओठ-जीभ सुजतेय, आवाज बसतोय, श्वासाला घरघर आहे, तर ९९९. दुभाष्याची वाट बघू नका.

"अंगावरून वारं गेलं" हे अजून आजी-आजोबांच्या तोंडी आहे. शब्दशः भाषांतर केलं तर हवा लागली असा अर्थ निघतो. हा स्ट्रोक आहे. चेहरा एका बाजूला ओघळलाय, एक हात वर राहत नाही, बोबडी वळतेय, यातलं एक जरी दिसलं तरी ९९९, आणि शेवटचे नीट होते ती वेळ लक्षात ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही ते त्या वेळेवर ठरतं.

खलबत्ता | १३ मे, सकाळी ८:४०

रानजाई, यादीत "उन्हाळी" घाला. लघवीला जळजळ होणं याला आपण उन्हाळी लागली म्हणतो आणि भाषांतरात ती उष्णता होते. नीट सांगितलं तर इंग्लंडमध्ये हे काम फार्मसीतच होऊ शकतं. ३१ जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट योजनेत फार्मासिस्ट सात आजारांवर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ शकतो. लघवीचा साधा संसर्ग त्यातला एक, पण फक्त १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांसाठी. ६८ वर्षांच्या सासूबाईंना तिथून परत पाठवतील, मग जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) किंवा १११. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या किंवा गरोदरपण असेल तर साधा संसर्ग धरत नाहीत.

दुसरा शब्द "नागीण". शिंगल्स म्हणा. १८ वर्षांपुढच्यांना फार्मसीत औषध मिळू शकतं. पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर बरं, म्हणून सोमवारपर्यंत थांबू नका. लेप लावून जाऊ नका, फोड दिसायला हवेत. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ असेल तर फार्मसी नाही, त्याच दिवशी १११, कारण डोळ्याला धोका असतो. उरलेले पाच: घसा दुखणं (५ वर्षांपुढे), कान दुखणं (१ ते १७), सायनस (१२ वर्षांपुढे), इम्पेटायगो (कातडीवर खपल्या धरणारा संसर्ग) आणि चावलेल्या किड्याच्या जागी झालेला संसर्ग (दोन्ही १ वर्षापुढे).

खलबत्ता | १३ मे, सकाळी ९:१५

औषधांचं वेगळं लिहितो, घोळ इथेच जास्त होतात.

भारतातली ब्रँडची नावं इथे कुणाला ओळखू येत नाहीत. पाकिटावर बारीक अक्षरात जे मूळ नाव असतं ते वाचून दाखवा. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. एक गोळी म्हणजे एकच औषध असं समजू नका. ग्लायकोमेट जीपीमध्ये मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असतात. नुसतं मेटफॉर्मिन सांगितलं तर साखर फार उतरण्याचा धोका समोरच्याच्या लक्षातच येत नाही, कारण तो धोका ग्लिमेपिराइडचा आहे. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर एकदा गोड देऊन वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते.

डोक्याला मार लागला की हमखास विचारतात: रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का? घरचे "नाही, फक्त हार्टची गोळी" म्हणतात. ती हार्टची गोळी क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅसिट्रोम असली तर उत्तर "हो" आहे. अ‍ॅसिट्रोम हे वॉरफरिनच्याच घराण्यातलं. ते नावाने न ओळखणाऱ्याला तसं सांगा.

पॅरासिटामॉलची बेरीज करा. मोठ्या माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. सकाळपासून डोलो ६५० तीनदा, मध्ये कॉम्बिफ्लाम (त्यात ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल आणि ४०० मिग्रॅ आयब्युप्रोफेन) आणि वर इथलं सर्दीचं गरम पेय, ज्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं. नावं तीन, औषध एकच. दिवसभरात काय, किती वाजता घेतलं ते कागदावर मांडा आणि मगच फोन लावा. मर्यादेपेक्षा जास्त गेलं असेल तर बरं वाटत असलं तरी लगेच विचारा. यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी जाणवत नाही.

आकडेही वेगळे. इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. भारतीय मीटरचा आकडा १८ ने भागा: २७० म्हणजे १५, ७२ म्हणजे ४. "टू सेव्हन्टी" ऐकून अ‍ॅडव्हायझर गोंधळतो. मीटर कोणत्या एककाचा तेही सांगा. ताप सेल्सिअसमध्ये: १००.४ म्हणजे ३८, १०२.२ म्हणजे ३९, १०४ म्हणजे ४०.

टेम्सकाठ | १३ मे, दुपारी १:३०

लहान मुलांचं. पाच वर्षांखालच्या मुलासाठी १११ ऑनलाइन चालत नाही, फोनच करायचा. ऑनलाइन सेवा पाच वर्षांपुढे आहे आणि तिथे एका वेळी एकच लक्षण घेऊन पुढे जाता येतं. जो त्रास सगळ्यात जास्त तो निवडा.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ किंवा जास्त, तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ किंवा जास्त ताप असेल तर लगेच विचारायचं. "अंग कोमट लागतंय" असं सांगू नका, थर्मामीटर लावा. बाळाने गेल्या २४ तासांत किती नॅपी ओल्या केल्या, दूध नेहमीच्या निम्मं तरी घेतलं का, हे आकड्यांत सांगा.

पुरळ असेल तर काचेचा स्वच्छ पेला बाजूने पुरळावर दाबा आणि काचेतून बघा. दाबल्यावर डाग फिके झाले नाहीत तर ९९९. आपल्या सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाही. तळहात, तळपाय, पोट, पापणीच्या आतली बाजू, टाळू इथे बघा. ओठ निळे पडलेत का असं विचारलं तर हिरड्या, जीभ आणि नखं बघून सांगा. पण मूल मलूल आहे, उजेड सहन होत नाही, तर पुरळ यायची वाट बघू नका. मेंदूज्वरात पुरळ येईलच असं नाही.

आजीने बाळगुटी दिली असेल तर ते लपवू नका. काय उगाळलं, मध घातला का, तेही सांगा. वर्षाखालच्या बाळाला मध इथे बॉट्युलिझमच्या (जिवाणूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराच्या) भीतीने निषिद्ध आहे. मरगळ, बद्धकोष्ठ, रडण्याचा आवाज क्षीण, अशा वेळी ही माहिती कामाची असते.

कृष्णाकाठ | १३ मे, सायंकाळी ६:१२

पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांसाठी फोन केला तर बिल येतं का? त्या भीतीने घरात गप्प बसणारे खूप आहेत.

लीड्सकर | १३ मे, सायंकाळी ७:००

१११ चा सल्ला सगळ्यांना फुकट, पाहुण्यांनाही. ए अँड ई आणि अर्जंट ट्रीटमेंट सेंटरमधले उपचारही फुकट. जीपी पाहुण्यांना तात्पुरता रुग्ण म्हणून घेऊ शकतो (२४ तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर) आणि ती तपासणीही फुकट. दाखल करून घेतलं किंवा पुढे ओपीडीत पाठवलं की मात्र पैसे, आणि पाहुण्यांना एनएचएसच्या दराच्या १५० टक्के. तातडीचे उपचार पैशांसाठी अडवायचे नाहीत असा नियम आहे, पण बिल नंतर येतंच. ५०० पौंडांच्या वरचं बिल दोन महिने थकलं तर ते गृहखात्याला कळवता येतं आणि पुढच्या व्हिसाला आडवं येऊ शकतं. म्हणून प्रवास विमा घेताना आधीचे आजार त्यात धरलेत का ते बघा. नोकरी किंवा शिक्षणाच्या व्हिसासाठी आरोग्य अधिभार भरलेल्यांना हे दर लागू नाहीत.

भीतीपोटी छातीतलं दुखणं दाबून बसणं हा सगळ्यात वाईट निर्णय. उशीर झाला की दाखल व्हायची वेळ येते, आणि दाखल झालं की पैसे लागतातच.

मोगरा१२ | १३ मे, सायंकाळी ७:४४

बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या तर १११ वरून मिळतील का? ऑनलाइन पानावर तशी सोय दिसते.

खलबत्ता | १३ मे, रात्री ८:०३

ती सोय इथे नियमित लिहून दिलेल्या औषधांसाठी आहे. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इथली फार्मसी औषध देऊ शकत नाही. तात्पुरती जीपी नोंदणी करून इथली चिठ्ठी घ्यावी लागते. गोळ्या दहा दिवसांच्या उरल्या की हालचाल सुरू करा, शेवटच्या दिवशी नको. इंग्लंडमध्ये चिठ्ठीचा दर मे २०२४ मध्ये एका औषधाला ९.९० पौंड झाला. येताना मूळ पाकिटं आणि डॉक्टरांचं पत्र सोबत आणायला सांगा. सुट्या गोळ्या डब्यात भरून आणल्या तर कोणती कशाची ते इथे कुणालाच कळत नाही.

रानजाई | १४ मे, सकाळी ६:५०

मनाच्या दुखण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. इंग्लंडमध्ये १११ लावून २ दाबलं की मानसिक आरोग्याच्या तातडीच्या सेवेकडे फोन जातो. वेल्समध्येही २ आहे. मास्टर्सला आलेल्या मुलामुलींना हे माहीत असायला हवं. तिथेही शब्द सौम्य करू नका. "जीव नकोसा झालाय" याचं भाषांतर "फीलिंग लो" असं करू नका. मरण्याचे विचार येतात का, काही ठरवलंय का, असं सरळ विचारतात आणि सरळच उत्तर द्यायचं. दुभाषी म्हणून घरातल्या माणसाला बसवू नका, त्याच्यासमोर बरंच बोललं जात नाही. नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर समॅरिटन्स ११६ १२३, फुकट आणि चोवीस तास.

"जीव घाबरा होतोय" हा मात्र मनाचाच त्रास असं धरू नका. आईंना त्यातून छातीत धडधड, घाम, श्वास अपुरा पडणं म्हणायचं असतं. आधी ते विचारा.

टेम्सकाठ | १४ मे, सकाळी ८:२५

उत्तर आयर्लंडमध्ये १११ नाही, तिथे जीपीच्या वेळेबाहेरच्या सेवेचा स्थानिक नंबर असतो. स्कॉटलंडमध्ये १११ म्हणजे एनएचएस २४. भारतात असलेल्या आई-वडिलांसाठी इथून १११ लावून उपयोग नाही. महाराष्ट्रात सल्ल्यासाठी १०४, अँब्युलन्ससाठी १०८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, आणि व्हिडिओवर डॉक्टरसाठी ई-संजीवनी.

कृष्णाकाठ | १४ मे, सकाळी ९:०२

देवघरातला कापूर पोराने खाल्ला तर १११ की थेट ए अँड ई?

टेम्सकाठ | १४ मे, सकाळी ९:२०

लगेच १११, मूल वरवर ठीक असलं तरी. झटके, गुंगी किंवा श्वासाला त्रास असेल तर ९९९. कापराने थोड्या वेळातच झटके येऊ शकतात आणि एक वडीही लहान मुलाला पुष्कळ होते. उलटी काढू नका, मीठपाणी पाजू नका. पाकीट हातात ठेवा, किती वड्या उरल्या ते मोजा, मुलाचं वजन किलोत सांगा. बटण बॅटरी गिळली असेल तर मात्र सल्ल्यात वेळ घालवू नका, थेट ए अँड ई.

खलबत्ता | १४ मे, सकाळी १०:४५

औषधांच्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली, आणि ती जिवावर बेतणारी आहे. भारतात इन्सुलिनच्या कुप्या बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतात आणि त्यांच्या सिरिंजही ४० च्या खुणांच्या, लाल टोपणाच्या. इथलं इन्सुलिन १०० युनिट प्रति मिली. भारतातून आणलेल्या ४० च्या सिरिंजमध्ये इथलं इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरलं तर ते अर्धा मिली होतं, म्हणजे ५० युनिट. अडीच पट. कुपी संपली आणि इथली मिळाली की सिरिंजही इथलीच घ्या, जुन्या फेकून द्या. असं टोचून झालं असेल तर साखर अजून ठीक दिसते म्हणून थांबू नका. शुद्धीवर आणि गिळता येत असेल तर आधी १५०-२०० मिली फळांचा रस पाजा आणि मग फोन लावा: इन्सुलिनचं नाव, कुपीवरचा आकडा, सिरिंजवरचा आकडा, टोचल्याची वेळ. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ९९९.